डाव आधी अंगावर

एका तालमीत एक वृद्ध वस्ताद होते. पन्नास वर्षे त्यांनी मल्ल घडवले. बोलणे मोजके, शिस्त कडक. त्यांच्या हाताखाली सर्जेराव नावाचा एक पदवीधर शिष्य होता. त्याने शहरातून मानसशास्त्राची ओळख करून देणारे एक पुस्तक आणले आणि आठ दिवसांत संपवले.

नवव्या दिवसापासून तालमीत कोणाची धडगत राहिली नाही. कोणी मोठ्याने हसला की सर्जेराव म्हणे, "तुला न्यूनगंड आहे." कोणी गप्प बसला की म्हणे, "तू राग दाबतोयस." एक मल्ल वैतागून म्हणाला, "आरं, भूक लागलीय मला, म्हणून गप्प हाय!" सगळे हसले.

तालमीत ते हसण्यावारी गेले. घरी मात्र तसे झाले नाही. दोन महिन्यांपूर्वी सर्जेरावाचे वडील वारले होते. थोरला भाऊ हिंदुराव एकदा जेवताना एवढेच म्हणाला, "बाबांनी शेवटी तुझी फार आठवण काढली. तू यायला हवं होतंस."

सर्जेरावाने ताट सरकवले. "आण्णा, दोष तुमच्या मनात आहे. तो तुम्ही माझ्या माथी मारताय. पुस्तकात याला नाव आहे." पंगतीला पाहुणे होते. त्यांच्यासमोर त्याने ते नाव सांगितले, अर्थही समजावला.

हिंदुराव न जेवता उठला. चार दिवसांनी घरात कळले, की त्याने दूरच्या कारखान्यात नोकरी धरली आहे. त्याच संध्याकाळच्या एसटीने तो जाणार होता, आणि या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नव्हता.

सर्जेराव पुस्तक घेऊन वस्तादांकडे धावला. "वस्ताद, मी खोटं बोललो नाही. छापलेलं बोललो. मग आण्णा घर सोडून का निघाले?"

वस्ताद म्हणाले, "लंगोट लाव. हौद्यात उतर."

"आत्ता? गाडीची वेळ होत आलीय."

"उतर म्हटलं ना?"

सर्जेराव हौद्याच्या तांबड्या मातीत उतरला. वस्तादांनी त्याला खाली घातले आणि तालमीतला सर्वांत जड मल्ल त्याच्यावर बसवला. त्या मल्लाला म्हणाले, "घिस्सा टाक. मी सांगेपर्यंत सोडू नकोस."

खालच्या गड्याची मान मातीत दाबून त्याला उलटवायचा घिस्सा हा सर्जेरावाचा हातखंडा डाव. त्याने तो कित्येकांवर टाकला होता. आज त्याचेच तोंड मातीत रुतले.

"काय होतंय?" वस्तादांनी विचारले.

"श्वास कोंडतोय."

"आणखी?"

मातीतूनच उत्तर आले. "कुणी बघू नये असं वाटतंय."

"सोड त्याला."

सर्जेराव उठून बसला. वस्ताद म्हणाले, "नवा डाव शिकवताना मी गड्याला आधी खाली घालतो. ज्यानं डाव सोसला नाही, त्याला जोर किती लावायचा ते कळत नाही. तो जोडीदाराची मान मोडतो. हे पुस्तकही डावांचंच आहे. चांगलं आहे, टाकू नकोस. पण तू पान उलटलंस की समोरच्याला धरलंस. आण्णाला ऐकवलेलं पान आता मला वाचून दाखव. खालचा गडी तू आहेस असं समजून वाच."

सर्जेराव वाचू लागला. "स्वतःचा दोष सहन झाला नाही, की मन तो दुसऱ्यात पाहू लागते."

"पुन्हा वाच."

दुसऱ्यांदा वाचताना तो 'स्वतःचा दोष' या शब्दांवरच थांबला.

"वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा तू कुठं होतास?"

"गावोगावच्या कुस्त्यांच्या मैदानांवर. निरोप दोनदा आला होता."

"आणि हिंदुराव?"

"उशाशी. बावीस दिवस."

वस्तादांनी स्टँडच्या दिशेने बोट केले. "जा," म्हणाले.

सर्जेराव अंगावरच्या मातीसकट एसटी स्टँडवर गेला. हिंदुराव बाकावर बसला होता. सर्जेरावाने पुस्तकातला एकही शब्द वापरला नाही.

"आण्णा, निरोप मिळाला होता. मी भ्यालो. बाबांना तसं बघायची हिंमत झाली नाही."

हिंदुरावाने बाकावर सरकून त्याला जागा दिली. मग म्हणाला, "बाबा तुझ्यावर रागावले नव्हते. 'तसं त्याला सांग,' म्हणाले होते. तेच सांगणार होतो मी त्या दिवशी. तू मध्येच ताट सरकवलंस."

गाडी लागली. कंडक्टरने दोनदा आवाज दिला. हिंदुरावाने हातानेच नको म्हटले, आणि धाकट्याला विचारले, "अजून काय म्हणाले, ऐकायचंय?"

सर्जेराव खाली मान घालून ऐकू लागला.