हद्द साफ!

फार पूर्वी, तळ्यांना अजून नावंही मिळाली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका मोठ्या तळ्याच्या दोन काठांना दोन रानं होती. अलीकडच्या रानाचा राखणदार मुंगूस, पलीकडच्याचा साळिंदर.

तळ्यात एका माकडाचा तराफा फिरे. तीन करवंट्या, एकीखाली चिंचोका. "ओळखा आणि दुप्पट न्या!" बिचाऱ्या खारीनं त्या नादात साऱ्या पावसाळ्याची बेगमी घालवली. मुंगूस धावून आलं की माकड पलीकडे सटके. मग रिवाजाप्रमाणे मुंगूस पोकळ ओंडका बडवून पुकारे, "हद्द साफ!"

तरी मुंगसाच्या जिवाला चैन नव्हतं. काठावर येरझाऱ्या घालता घालता एके दिवशी ते थबकलं. पलीकडे ओंडका वाजला, की थोड्याच वेळात तराफा इकडे!

मुंगूस तडक पोहत पलीकडे गेलं नि माकडाचं गाऱ्हाणं सांगू लागलं. साळिंदर फिसकारलं, "तुझ्या माकडाचं मला काय?"

"दादा, तुमचं नि माझं माकड एकच आहे. यापुढं ते गेल्यावर नको, आल्या आल्या ओंडका वाजवू."

दुसऱ्या दिवशी तराफा काठाला लागताच मुंगसानं ओंडका बडवला. माकड पलीकडे पळालं, तर तिथं साळिंदर काटे फुलवून उभं. मागं वळलं, तर इकडे मुंगूस. तळ्याच्या मधोमध थांबून माकड ओरडलं, "मी कुणाच्याच हद्दीत नाही!"

"बरं," मुंगूस कितीतरी दिवसांनी निवांत बसत म्हणालं, "भूक लागली की सांग, कुणाच्या हद्दीत उतरतोस ते."