पांढरीचे राहिलेले बारा किलोमीटर

माळेवाडीत केरबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. वय पंचेचाळीस, मिशा भरदार, तब्येत दणकट. सांगितलेलं काम त्यानं कधी टाळलं नाही. सांगितलं तसंच करायचा. घरच्यांची खरी अडचण हीच होती.

केरबाचा सगळा जीव थोरल्या भावाच्या, अण्णांच्या गाडीवर. सात माणसांची ही पांढरी गाडी अण्णांनी बावीस वर्षांपूर्वी घेतली, आणि तेव्हापासून तिच्यात चौदाजण बसत आले. घरात तिला नुसतं 'पांढरी' म्हणायचे, दारच्या गाईला म्हणावं तसं. पांढरीतून चार लेकी सासरी गेल्या. अण्णांचा मुलगा सुजित तर दवाखाना गाठायच्या आधी तिच्याच मागच्या सीटवर जन्मला. ती कधी वाटेत बंद पडली नाही.

तोच सुजित आता नोकरीला लागला आणि शहाणा झाला.

"अण्णा, चार लाख किलोमीटर होत आले. किती वापरायची? विकून टाका," तो म्हणाला.

"चार लाख पुरे केले तर?" अण्णांनी विचारलं.

"सगळ्या गावासमोर मीटरवर चार लाख दिसू देत. पुन्हा विकायचं नाव काढणार नाही. नाही दिसले, तर मात्र भंगारात."

अण्णांनी शब्द दिला. रविवारी सकाळी मारुतीच्या पारासमोर गावाला चार लाख दाखवायचे आणि नारळ फोडायचा असं ठरलं. पांढरी भंगारात जाणार या नुसत्या विचारानं केरबाला रडू आलं. त्यानं तिच्या बॉनेटवर हात ठेवला आणि मनाशी ठरवलं, की या आठवड्यात कुणी काही शिकवलं तर ते अजिबात विसरायचं नाही. इथंच घात झाला.

सोमवारी तो पांढरीला गॅरेजात घेऊन गेला. उस्मानभाई मेकॅनिक म्हणाले, "केरबा, इंजिन जुनं हाय. सकाळी लगीच पळवू नको. आधी पाच मिनिटं जागेवरच चालू ठेव, मग निघ."

केरबानं ते पक्कं डोक्यात ठेवलं.

मंगळवारी सकाळी वहिनी विहिरीवरून ओरडल्या, "भावजी, चुलीवर दूध ठेवलंय! पळा, उतू जाईल!"

केरबा उठला आणि जागच्या जागी पळू लागला. गुडघे छातीपर्यंत. अंगणातल्या कोंबड्या लांब सरकल्या. पाच मिनिटं झाल्यावर तो सुसाट आत गेला. तोवर दूध चुलीत गेलं होतं आणि चूल विझली होती.

वहिनींनी कपाळावर हात मारला. "अवो, घाईचं काम असलं की थांबायचं नसतं! कुणी आडवा हात केला तरी थांबायचं न्हाई!"

"बरं झालं सांगितलंत," केरबा म्हणाला.

बुधवारी तो घाईनं पांढरीत डिझेल भरून परत येत होता. वाटेत अण्णा उभे होते. डोक्यावर उन्हासाठी टॉवेल, पायाशी गुळाच्या दोन ढेपा. अण्णांनी हात केला. केरबानंही काचेतून हात केला आणि तसाच पुढं गेला. भाऊ दिसल्याचा त्याला आनंद झाला होता.

अण्णा दोन्ही ढेपा घेऊन चालत घरी आले. येईपर्यंत त्यांचा सदरा आणि गूळ एक झाले होते.

"गाढवा! रस्त्यात हात केलेला माणूस दिसला की थांबायचं, त्याला गाडीत घ्यायचं आणि घरी पोचवायचं!"

"आता चुकणार न्हाई," केरबा म्हणाला, आणि खरंच चुकला नाही.

गुरुवारी तालुक्याच्या चौकात हवालदारानं हात केला. केरबानं पांढरी थांबवली आणि दार उघडलं.

"कागद दाखव," हवालदार म्हणाला.

"आधी बसा तर. घर कुठं आलं तुमचं?"

"पोलीस लाईनीत. का?"

"वाटेवरच हाय."

हवालदाराला वाटलं, याचे कागद तिकडेच कुणाकडे तरी असतील. तो बसला. केरबानं त्याला थेट त्याच्या दारात उतरवलं. हवालदाराची बायको खूश झाली, कारण नवरा इतक्या लवकर घरी आलेला तिनं पाहिला नव्हता. इकडं चौकात उसाचे ट्रॅक्टर एकमेकांत असे अडकले, की दुपारपर्यंत सुटले नाहीत.

हवालदार लाल झाला. "अरे, कागद कुठं आहेत तुझे?"

"घरी. ट्रंकेत."

"महत्त्वाचा कागद घरी ठेवतात का? तो गाडीच्या कप्प्यात ठेवायचा, कुलूप लावून! समजलं?"

केरबाला समजलं. हेच तर वाईट होतं.

शुक्रवारी अण्णांनी मोठ्या पांढऱ्या कागदावर ठसठशीत अक्षरांत आमंत्रण लिहिलं. रविवारी सकाळी नऊ वाजता मारुतीच्या पारापाशी पांढरीचे चार लाख किलोमीटर पूर्ण होणार, सर्वांनी यावे. तो कागद केरबाकडे देऊन ते म्हणाले, "लई महत्त्वाचा कागद हाय. हयगय करू नको."

केरबानं कागदाची घडी घातली, पांढरीच्या कप्प्यात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली.

शनिवारी दुपारी अण्णा गावात हिंडले, तर कुणाला पत्ताच नाही. एकजण म्हणाला, "रविवारी? आमी बाजाराला चाललोय."

अण्णा घरी आले ते तणतणतच. केरबानं अभिमानानं कुलूप उघडून कागद काढून दाखवला. कोपरासुद्धा दुमडला नव्हता.

"अरे, जे सगळ्या गावानं बघायचं ते गाडीत कोंडून ठेवतात का? ते बाहेर काढून मारुतीच्या पारावर मांडायचं! येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं!"

शेवटी अण्णांनी घरोघर जाऊन स्वतः सांगितलं. केरबा मात्र विचार करत बसला.

रविवार उजाडला. मीटरवर बारा किलोमीटर राहिले होते. गावापासून डोंगरापायथ्याची पाण्याची टाकी सहा किलोमीटर. जाऊन येऊन बरोबर बारा, म्हणजे पारापाशीच आकडा फिरणार. अण्णांनी हे तीनदा मोजलं होतं.

केरबा स्टिअरिंगला बसला. शेजारी अण्णा, मागं वहिनी आणि हाताची घडी घातलेला सुजित. मीटरच्या जागेवर केरबानं झेंडूचा जाडजूड हार घातला होता.

"हार कशाला रं?" अण्णांनी विचारलं.

"आत्ताच बघू नका. पारावर गेल्यावर सगळ्यांबरोबर बघा."

अण्णांना गहिवरून आलं. जन्मात पहिल्यांदा भावाला काहीतरी सुचलं असं त्यांना वाटलं.

पांढरी सुरेख धावली. टाकीला वळसा घालून, चढ एका दमात चढून ती पारापाशी येऊन उभी राहिली. सगळं गाव जमलं होतं. पण गाडीकडे कुणी बघेना. सगळे पाराकडे तोंड करून उभे.

अण्णांनी हात जोडले आणि हार बाजूला केला. तिथं एक भोक होतं. भोकातून दोन वायरी लोंबत होत्या.

पारावर पितळी ताट होतं. ताटात हळदकुंकू लावलेला मीटर. त्यावर आकडा तीन लाख नव्याण्णव हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी.

"पहाटेच काढून मांडला," केरबा म्हणाला. "सगळ्या गावाला दिसाया पायजे न्हवं?"

पुढं बसलेले म्हातारे गणपा पाटील म्हणाले, "अण्णा, मी सात वाजल्यापासनं बघतुया. काय बी हललं न्हाई."

अण्णा पारावर मटकन बसले. सुजित म्हणाला, "ठरलं ते ठरलं. चार लाख दाखवले नाहीत. आता भंगारात."

केरबाचा चेहरा पडला. त्यानं एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा मीटरकडे. मग मीटर उचलून काखेत मारला.

"थांबा. आलोच," असं म्हणून तो निघाला.

लोकांना वाटलं, मीटर परत बसवून घ्यायला उस्मानभाईंना गाठतोय. सगळे थांबले. नऊचे बारा वाजले. एक वाजता केरबा घामाघूम होऊन लंगडत आला. काखेत मीटर नव्हता. हातात पिठाची नवीकोरी चाळणी होती.

"अण्णा, जीवाला लावून घिऊ नका," तो धापा टाकत म्हणाला. "खोट पांढरीत न्हाईच. खोट मीटरात हाय. टाकीपर्यंत न्हेला, परत आणला, बारा किलोमीटर पुरे केले. एक आकडा सरकला न्हाई बघा!"

"मीटर कुठाय?" अण्णांनी बारीक आवाजात विचारलं.

"सुजित म्हणला तसंच केलं. मीटरनं चार लाख दाखवले न्हाईत, म्हणून वेशीत भंगारवाल्याला दिऊन टाकला. वहिनी, बदल्यात ही चाळणी."

सुजितनं डोकं धरलं. "काका! आता चार लाख झाले की नाही, ते कळणार कसं?"

केरबानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"त्याची काळजी नको. भंगारवाल्याला बजावून आलोय. चार लाख दिसले की लगीच निरोप धाडतो म्हणलाय. तवर पांढरीला कुणी हात लावायचा न्हाई."

चार लाखांचा निकाल लागल्याशिवाय पांढरी विकायची कशी, म्हणून सगळे तो निरोप येण्याची वाट बघताहेत, आणि पांढरी रोज चौदाजणांना घेऊन तालुक्याला जाऊन येते.