दरीनं परत केलेलं नाव

डोंगराच्या कड्यावर एक गाव होतं, आणि त्या गावापुढच्या दरीला प्रतिध्वनी नव्हता. कुणी कितीही मोठ्यानं हाक मारली तरी ती खाली गेली की गेलीच. दगड टाकला तरी पडल्याचा आवाज येत नसे. दरी बारा महिने धुक्यानं भरलेली असायची. भर दुपारी सूर्यसुद्धा तिच्यावर पिवळट डागासारखा दिसे.

गावाला या दरीची भीती वाटत नव्हती, उलट सोय वाटत होती. ज्याला जे सलतं ते त्यानं कड्यावर उभं राहून ओरडून टाकायचं. घरी पोचेपर्यंत माणूस ते विसरलेला असे. त्यामुळे गावात कुणी रडत नसे आणि कुणी भांडतही नसे. सगळ्यांचे चेहरे घासून पालथ्या घातलेल्या ताटांसारखे लख्ख होते.

रीत अशी होती, की नव्या सुनेनं पाचव्या दिवशी कड्यावर जायचं आणि माहेराहून मनात आणलेली सगळ्यात जवळची गोष्ट दरीला द्यायची. कुणी आईची आठवण दिली, कुणी जात्यावरचं गाणं दिलं. त्या गावात सून रुळायला कधी वेळ लागला नाही.

तिथं एक सून आली. ती येशूवर विश्वास ठेवणारी होती. सोयरीक जुळवणाऱ्यानं दोन्हीकडच्या चांगल्या तेवढ्याच गोष्टी सांगितल्या होत्या, जशा असे लोक नेहमी सांगतात. तिच्या पेटीत साड्यांच्या खाली एक झिजलेलं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल होतं. निघताना वडील म्हणाले होते, "पोरी, देवाचा शब्द रिकाम्या हातानं परत येत नाही. जिथं असशील तिथं म्हणत जा."

सासूचा जाच असा काही नव्हता. ती फक्त कामापुरतं बोलायची. नवरा भला होता, पण लहानपणी आपली भीती दरीला देताना त्यानं हिंमतही देऊन टाकली होती. माजघरातल्या खुंटीवर मात्र एक तांबडं झबलं टांगलेलं असे. घरात लहान मूल नव्हतं. तरी सासू दर आठवड्याला ते झबलं धुऊन, वाळवून पुन्हा टांगायची. एकदा ती ते धूत असताना सुनेनं ते कुणाचं म्हणून विचारलं.

"असेल कुणाचं तरी," सासू म्हणाली, आणि तिचे हात क्षणभर पाण्यातच राहिले.

पाचव्या दिवशी गावचा मुखिया आला. सुनेच्या मनात सगळ्यात जवळचं काय आहे हे त्याला कळलं होतं, कारण ती सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करायची. त्यानं सांगितलं, की कड्यावर जाऊन एवढंच ओरडायचं: मी येशूला ओळखत नाही. सून नाही म्हणाली. मुखिया रागावला नाही. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं शांतपणे तिचं शास्त्र मागून घेतलं आणि दरीत सोडलं. पानं फडफडल्याचासुद्धा आवाज झाला नाही.

मग तिला गोठ्यात बसवलं. विहीर बंद, बोलणं बंद. आठ दिवसांत ऐकलं नाही तर सासू आणि नवऱ्याचंही पाणी तोडायचं ठरलं.

पहिल्या दिवशी तिला प्रार्थना जमलीच नाही. गाईच्या डोणीतल्या पाण्यावर कुणी पहारा ठेवायला विसरलं होतं, तेवढं ती प्यायली. पुस्तक नव्हतं, पण त्यातली एक ओळ आठवली: काळोख्या दरीतून चालतानाही तू माझ्याबरोबर आहेस. तिला वाटलं, हे लिहिणारासुद्धा घाबरलेलाच असणार, नाहीतर त्यानं दरीचं नाव कशाला काढलं असतं? ती गाईच्या रवंथाच्या तालावर ती ओळ म्हणत राहिली. भीती गेली नाही. पण भीती जरा सरकून बसली, आणि शेजारी कुणालातरी जागा झाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी धुकं गोठ्याच्या कुडातून आत आलं आणि आईच्या आवाजात बोलू लागलं. आई जाऊन चार वर्षं झाली होती.

"बाळे, कशाला जीव जाळतेस? एकदा म्हणून टाक आणि मोकळी हो."

आवाज अगदी तोच होता. सून उठून दारापर्यंत गेली. मग थबकली. आई असती तर तिनं आधी विचारलं असतं, जेवलीस का. ती मागे आली, गाईच्या गळ्यात हात टाकून बसली आणि आवाज थांबेपर्यंत आपली ओळ मोठ्यानं म्हणत राहिली. रोज दुपारी तो आवाज यायचा. रोज ती तेच करायची.

आठव्या दिवशी भर दुपारी तिला कड्यावर उभं केलं. सगळं गाव मागे होतं.

"एकदाच ओरड," मुखिया म्हणाला. "घसा तेवढा दुखेल."

सासूचं पाणी तुटेल, नवऱ्याचं तुटेल, हे तिला दिसत होतं. पण हे एक दिलं, तर त्यांच्यासाठी वाईट वाटायलाही आपण उरणार नाही, हेही तिला दिसत होतं. तिनं डोळे मिटले आणि आठ दिवस जपलेलं होतं तेच दरीत टाकलं.

"तू माझ्याबरोबर आहेस!"

शब्द धुक्यात गेले. नेहमीसारखी शांतता झाली. मुखिया कंटाळून वळला, तेवढ्यात खालून आवाज आला.

"आहेस."

गाव दोन पावलं मागं सरकलं. दरी आणखी बोलू लागली. कुणाची तरी जात्यावरची ओवी वर आली, कुणाचं हसू आलं. वर्षानुवर्षं खाली टाकलेलं सगळं एकेक करून वर येत होतं. काहींनी कान दाबले आणि ते घराकडे पळाले. मुखिया सगळ्यात पुढे होता. शेवटी एका तरुण बाईचा हंबरडा आला. त्यात एकच नाव होतं: हौसा.

सासू मटकन खाली बसली; तो तिचाच तरुणपणीचा आवाज होता. "माझी पोर," ती म्हणाली. "तापानं गेली. झबल्याचं बटण लावायचं राहिलं होतं." आणि ती रडली. त्या गावात कित्येक वर्षांत कुणी रडलं नव्हतं. सून तिच्याजवळ बसून राहिली. पाणी तोडायची आठवण कुणाला झाली नाही.

बऱ्याच वेळानं सासूनं पदरानं तोंड पुसलं, सुनेच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवलीस का गं?"

तात्पर्य: प्रार्थनेनं दरी बुजत नाही, पण तिच्या काठावर उभं राहायला बळ येतं. आणि छळ सोसून जपलेला देवाचा शब्द परत येतो तेव्हा दुसऱ्यांचं हरवलेलंही घेऊन येतो.