कंत्राटदाराच्या गाडीचे टायर

बशीर अत्तार चाळीस वर्षं कराडात टायर बसवत होते. आता ते कामापेक्षा लोकांना समजावूनच जास्त दमत. श्रावणातल्या एका दुपारी रस्त्यांचे बडे कंत्राटदार यशवर्धन घाटगे लेकीला सोबत घेऊन आपल्या जुन्या अमेरिकन गाडीतून आले. इंजिनाच्या आवाजाने दुकानाचे पत्रे थरथरले. डिकीत ड्रॅग रेसिंगचे दोन रुंद, गुळगुळीत टायर होते.

"हे मागच्या चाकांना बसवा. लगेच घाटातल्या बंगल्यावर निघायचंय."

"साहेब, हे शर्यतीच्या सरळ, कोरड्या पट्ट्यावर चालतात. पाणी बाहेर फेकायला यांना खाचाच नाहीत. ओल्या वळणावर गाडी घसरेल, आणि सोबत तुमची लेक आहे."

"मला शिकवू नका. या रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम माझ्याकडे आहे. तुमचं दुकान ठेवायचं की पाडायचं, ते मी ठरवणार!"

बशीरभाईंनी सुस्कारा टाकून जॅक ओढला. "बसवतो. घाटातला रस्ता कोणी केलाय?"

"मीच केलाय. एक नंबर!"

"मग झालं तर. त्यावर खड्डा नाही, पाणी साचत नाही, एवढं फक्त लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

सात वर्षांची ईश्वरी बापाकडे बघत उभी होती. घाटग्यांचा हात वर गेला, तिच्या केसांपर्यंत आला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी तो खिशात घातला.

"खाचांचे टायर आहेत का?" त्यांनी हळूच विचारलं.

बशीरभाई आत गेले आणि सगळ्यात खोल खाचांची जोडी घेऊन आले.