बहुरूप्याचा बाप्तिस्मा

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, मध्येच कुणी विचारलं की माझा धागा तुटतो. नदीकाठच्या एका गावात केरबा नावाचा बहुरूपी राहत होता. आज कोतवाल, उद्या वैद्य, परवा रुसलेली सासू, अशी सोंगं काढून तो दारोदार लोकांना हसवायचा आणि पसाभर दाणे मिळवायचा.

इथवर ठीक होतं. पण हा बाबा घरी आल्यावरही सोंग उतरवायचा नाही! कोतवाल होऊन भाकरी मागायचा, वैद्य होऊन बायकोची नाडी बघत बसायचा. त्याची बायको राहीबाई अगदी मेटाकुटीला आली होती.

"अहो, कधीतरी तुम्ही या की घरी," ती म्हणायची. त्यावर केरबा वैद्याच्या आवाजात तिला काढा सांगायचा. काय बोलावं अशा माणसाला!

खरं तर तो घाबरायचा. देवीचे व्रण असलेला चेहरा, चिरका आवाज. रंगाखालचा हा माणूस कुणालाच नको असणार, असं त्यानं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

गावात थोडी ख्रिस्ती मंडळी होती. त्यांचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, एकदा झाडाखाली बोलत होते, "प्रभू येशू तुमच्यातल्या एकेकाला नावानं ओळखतो." केरबा जागीच थबकला. नावानं? गावात तर सगळे म्हणायचे, "आला बघा बहुरूपी." त्या दिवशी तो कुठलंही सोंग न घेता रडला, आणि त्यानं बाप्तिस्मा घ्यायचं, नदीत बुडी घेऊन प्रभूचं व्हायचं ठरवलं.

मग सरळ जावं ना नदीवर! पण नाही. ह्याच्या डोक्यानं घेतलं, की देवापुढे जायचं तर चांगला माणूस होऊन जायला हवं. मंडळीत सगळ्यांत चांगले कोण? शांतवन आजोबा. झालं! केरबा बरेच दिवस त्यांच्या मागे मागे फिरला. ते हात कसे जोडतात, प्रार्थनेत डोळे कसे मिटतात, सगळं उचललं. पांढरी दाढी लावली. आणि कहर म्हणजे, पाण्यात रंग उतरू नये म्हणून त्यात तेल खललं. बाप्तिस्म्याला निघालेला माणूस, आणि त्याला पाण्याचीच धास्ती! हसावं की रडावं?

मंडळी नदीवर जमली. केरबा म्हाताऱ्यासारखा वाकून पाण्यात उतरला. पाळकांनी त्याच्याकडे बघितलं, काठावर बसलेल्या शांतवन आजोबांकडे बघितलं, आणि कपाळाला हात लावला.

"अरे, ह्या म्हाताऱ्याचा बाप्तिस्मा कधीच झालाय," ते वैतागून म्हणाले. "त्याला पुन्हा कशाला बुडवू? प्रभूनं आज केरबाला बोलावलंय. तो आला असेल तर सांग, नाहीतर आम्ही आपले घरी जातो."

"केरबा चांगला नाही हो," दाढीआडून आवाज आला.

"चांगला असता तर त्याच्यासाठी प्रभूला यावं लागलं असतं का?"

मंडळी उठू लागली. आता हे आपल्या हातून कायमचं जातंय, हे केरबाला कळलं. त्यानं दाढी ओढून काढली आणि गाल खरवडायला लागला. पण तेलातला रंग तो, निघतो कशाला! तेव्हा राहीबाई पदर खोचून पाण्यात उतरली. मूठभर वाळूनं तिनं त्याचं तोंड असं घासलं, की तो कळवळला.

"सोसा आता! कुणी सांगितलं होतं तेल घालायला?" ती ओरडली. आणि एकाएकी तिचा हात थांबला. "अहो," ती हुंदका देत म्हणाली, "किती वर्षांनी दिसलात!"

"नाव काय तुझं?" पाळकांनी विचारलं.

कुठल्या आवाजात सांगावं, ते त्याला कळेना. शेवटी त्याचा स्वतःचा चिरका आवाज आला, "केरबा." कुणीही हसलं नाही. पाळकांनी त्याला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं पाण्यात बुडवून वर काढलं. लालबुंद, ओरखडे पडलेला तो चेहरा काठावरच्या सगळ्यांनी नीट पाहिला.

पोट होतं, म्हणून केरबानं धंदा सोडला नाही. पण तोंड धुतल्याशिवाय तो पुन्हा कधी घरात शिरला नाही. देवानं ज्याला आपलं म्हटलं, त्या माणसाची त्याला आता लाज वाटेना.

तर लहानांनो आणि त्यांच्याहून हट्टी मोठ्यांनो, तात्पर्य एवढंच: देवापुढे दुसऱ्या कुणाचं सोंग घेऊन जाऊ नका, त्याला तुम्हीच हवे आहात.