भिंगरीपुढची फिर्याद

त्या राज्यात सगळं चकचकीत होतं. घरांचे उंबरे, देवळांच्या पायऱ्या, राजवाड्याचे खांब लख्ख होते. चावडीपुढचा हौदसुद्धा असा की पाणी प्यायला आलेलं जनावर आधी त्याच्या कडेत स्वतःचं तोंड बघून घेई. ही चकाकी येई पांढऱ्या डोंगराच्या दगडातून. दगड फोडायचा, चक्कीत दळून त्याची मैद्यासारखी पूड करायची आणि त्या पुडीने दिसेल ते घासत सुटायचं, असा तिथला रिवाज होता. चक्की एका अस्वलाच्या मालकीची होती. दगड वाहणारी, चक्की ओढणारी आणि पूड पोत्यांत भरणारी सगळी गाढवं होती. राज्य चमकत होतं आणि गाढवं खोकत होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे मात्र कुणी मनावर घेत नव्हतं.

गोजरा ही त्या चक्कीवरचीच एक गाढवीण. तिचा नवरा भागूजी उमेदीत होता तेव्हा एकटा चक्की फिरवायचा आणि वर पुन्हा शेजाऱ्यांची टिंगल करायचा. आता त्याला आडवंसुद्धा होता येत नव्हतं. पडला की जीव गुदमरे, म्हणून तो भिंतीला कपाळ टेकून उभ्याउभ्याच डोळे मिटायचा. गोजरालाही खोकला होता, पण नवऱ्याचा बघून ती आपला विसरायची.

कायदा म्हणाल तर त्या राज्यात चांगलाच होता. कामावर ज्याचं जे जाईल त्याची भरपाई मालकाने करायची. पाय मोडलेल्या बैलाला जन्मभर दारात वैरण मिळे, डोळे गेलेल्या घोड्याला वाट दाखवायला सोबती मिळे. ज्याचा श्वास जाईल त्याच्यासाठी उगवतीकडचं वाऱ्याचं पठार राखून ठेवलेलं होतं. तिथे पूड पोचत नसे. मोकळा वारा, ओलं गवत, आणि आडवं पडून झोपता येईल अशी हवा. भागूजीला एकदा तिथे नेऊन निजवायचं, एवढीच गोजराची इच्छा होती. पण त्या पठारावर आजवर एकही गाढव चढलं नव्हतं. उन्हाळ्यात अस्वल तिथे झोपायला जाई, आणि बाकीचे महिने ते पठार अस्वलाची वाट बघत रिकामं पडलेलं असे.

मोडलेला पाय दिसतो, गेलेला श्वास दिसत नाही, ही पहिली अडचण. दुसरी अडचण म्हणजे सरडा. तो सकाळी चक्कीचा वैद्य असे आणि दुपारी न्यायसभेत त्याच चक्कीचा वकील. गाढवांच्या छातीला कान लावून तो म्हाताऱ्यांना सांगे, वय झालं. तरण्यांना सांगे, सर्दी आहे. आणि ज्याला यांपैकी काहीच लागू पडत नसे त्याला सांगे की हे तुझ्या आईकडून आलं आहे. सांगताना त्याचा रंग ऐकणाऱ्याच्या अंगासारखा होई, त्यामुळे तो आपल्यातलाच वाटे.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. न्यायसभेत फिर्यादीच्या तोंडापुढे ताडपत्राची एक भिंगरी ठेवत. बोलताना निघणाऱ्या वाऱ्याने ती फिरत राहिली पाहिजे. फिरते आहे तोवर कुणी मधे बोलायचं नाही, न्यायाधीशानेसुद्धा नाही. बोलणं पुरं व्हायच्या आत थांबली तर फिर्याद बाद. न्यायाधीशाचा निकालही याच भिंगरीपुढे व्हायचा आणि त्यालाही हाच नियम. खोटं बोलणारा अडखळतो, अशा भाबड्या समजुतीने पूर्वजांनी ही रीत घातली असावी. त्यामुळे झालं असं की ज्याची छाती धड होती त्याला फिर्याद करायचं कारण नव्हतं, आणि ज्याला कारण होतं त्याच्याने भिंगरी फिरत नव्हती.

तरीही गोजराने भागूजीला न्यायसभेत नेलं. न्यायाच्या आसनावर एक वृद्ध बगळा बसत असे. तो दुष्ट नव्हता, फक्त फार वर्षं बसलेला होता. भागूजीने तोंड उघडलं. "महाराज, मी चक्कीवर..." एवढं म्हणेपर्यंत भिंगरी गिरकी घेऊन डुलली. मग खोकला आला, आणि खोकला संपला तेव्हा ती कधीच थांबलेली होती.

सरडा पुढे झाला. "महाराज, गाढवांना धुळीत लोळायची हौस असते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. छातीत धूळ गेली असेलही. पण यांना लोळायला कुणी सांगितलं होतं?" मग तो गोजराकडे वळला. "काय गं, लोळता की नाही?"

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "लोळतो की," ती म्हणाली. "रोज लोळतो."

सभा खो खो हसली. तिला अजून पुष्कळ सांगायचं होतं, पण तिच्यापुढे भिंगरी नव्हती. बगळ्याने मान हलवली आणि भागूजीची फिर्याद निकालात निघाली. अस्वलाने तर डोळेही पुरते उघडले नाहीत.

परतताना गोजराला रडू आवरेना. "अवं, माझ्याच तोंडानं घात केला की वो," ती म्हणाली.

"लोळतो ते लोळतोच," भागूजी धापा टाकत म्हणाला. "त्यात लाजायचं काय?"

संध्याकाळ झाली. चक्कीवरून सुटलेली गाढवं एकामागे एक, पुढच्याच्या शेपटीला नाक लावून घराकडे निघाली होती. त्यांचा एक जुना शिरस्ता होता. चक्की सुटली की पहिल्याने ओरडायचं, म्हणजे घरच्यांना कळे की आपली माणसं येत आहेत. त्याचा दम तुटायच्या आत मागच्याने तो सूर उचलायचा, मग त्याच्या मागच्याने. घर येईपर्यंत सूर खाली पडू द्यायचा नाही. पडला तर कुणीतरी वाटेत कोसळलं असं समजत, म्हणून सगळी तो जिवापाड धरून ठेवत. गोजरा रोज तो ऐकत आली होती. आज ती उंबऱ्यातच थबकली. त्या रांगेत एकाचीही छाती धड नव्हती आणि सूर मात्र टेकडी उतरून दारापर्यंत आला होता.

"अवं," ती भागूजीला म्हणाली, "उद्या पुन्यांदा जायाचं. आता माझी फिर्याद."

दुसऱ्या दिवशी चक्की बंद राहिली. सगळी गाढवं न्यायसभेत आली आणि गोजराच्या मागे रांगेने उभी राहिली. भिंगरी आणली गेली. गोजराने श्वास घेतला.

"महाराज, आमी लोळतो ती लाल माती. पाठीला लागती, झटकली की पडती. पांढरी पूड पाठीला लागत न्हाई, ती..."

खोकला आला. ती बाजूला सरली, आणि भिंगरीची गिरकी मंदावण्याआधीच मागच्या गाढवाचं नाक तिथे आलेलं होतं. "ती आत जाती, महाराज, आन् झटकाया शेपूट पोचत न्हाई. माझा बाप उभ्यानं झोपायचा..." तोही सरला. "माझा बाप उभ्यानंच गेला," तिसऱ्याने उचललं. "माझी भन गेली. वैद्य म्हनला, सर्दी..." कुणाच्या वाट्याला चार शब्द आले, कुणाला एकच जमला. बोलून झालेला मागे जाई, दम खाई आणि पुन्हा रांगेत उभा राही. भिंगरी फिरत होती.

सरडा उठला. "महाराज, हे चालणार..." पण भिंगरी फिरत असताना बोलायचं नव्हतं. शिपायाने त्याला खाली बसवलं. एवढी तोंडं एकापाठोपाठ बोलताना कुणासारखं दिसावं हे त्याला कळेना. तो हिरवा झाला, तांबडा झाला, शेवटी बसल्या बाकाच्या रंगाचा होऊन गप्प राहिला. अस्वल आता टक्क जागं होतं.

शेवटी भागूजी आला. त्याने फार काही सांगितलं नाही. "मला आडवं व्हायचंय, महाराज," तो म्हणाला, आणि गोजराने फुंकर घालून शेवटची गिरकी पुरी केली. फिर्याद संपली होती. त्या सभेत एक अख्खी फिर्याद पहिल्यांदाच ऐकली गेली होती.

सरड्याला आता उभं राहायला मोकळीक होती. पण त्याचं काय म्हणणं आहे असं बगळ्याने विचारलं, तेव्हा बाकावर कुणी दिसेना.

बगळ्याने भिंगरी आपल्या चोचीपुढे घेतली. "वाऱ्याचं पठार," तो खणखणीत आवाजात म्हणाला, "आजपासून या..." आणि तो खोकला. कोरडा, खालून खरवडत येणारा खोकला. सभेत एकही गाढव असं नव्हतं ज्याला तो ओळखू आला नाही. त्याचं आसन रोज सकाळी तो बसायच्या आधी पुडीने घासलं जात असे. भिंगरी मंदावली. अस्वल पुढे वाकून तिच्याकडे बघू लागलं. ती थांबली की निकालही बाद होणार होता.

गोजरा पायऱ्या चढून गेली. तिने बगळ्याच्या चोचीशेजारी आपलं नाक आणलं आणि होता नव्हता तेवढा श्वास भिंगरीवर सोडला. तिच्यामागून दुसरं नाक आलं, मग तिसरं. बगळ्याने तेवढ्यात दम घेतला आणि उरलेला निकाल सांगितला. पठार गाढवांचं झालं. अस्वलाने त्यांना वाटेत पाणी पुरवायचं होतं, आणि चक्कीतला दगड भिजवल्याशिवाय यापुढे दळायचा नव्हता.

गाढवं तिथूनच परस्पर पठाराकडे निघाली. एकामागे एक, पुढच्याच्या शेपटीला नाक लावून, आणि सूर असा चढवलेला की राजवाड्याच्या खिडक्या उघडल्या. भागूजी दर चढाला थांबे आणि सगळी रांग त्याच्यासाठी थांबे. अंधार पडायच्या आत पहिलं गाढव वर पोचलं. गोजराने मागे वळून पाहिलं. रांगेच्या अगदी शेवटी, भागूजीच्याही मागे, तो वृद्ध बगळा पंख मिटून पायी चढत होता, आणि सूर त्याच्यापर्यंत आला तेव्हा त्यानेही तो उचलला.