परटाने नाकारलेला घोडा

शके सोळाशे त्र्याहत्तर, पौष महिना. तंजावरच्या बाजूला एका गावात एक परीट राहत होता. कामाला चोख, बोलायला कमी.

त्या साली इंग्रज आणि फ्रेंच त्या मुलखासाठी भांडत होते. मुलूख दोघांचाही नव्हता. नदीच्या वरच्या अंगाला इंग्रजांची छावणी, खालच्या अंगाला फ्रेंचांची. मध्ये गावाचे भात, कापणीला आलेले. समोरचा कमजोर आहे असे एकाला जरी कळले असते, तरी तो भात तुडवत चालून गेला असता. मग गावाने वर्षभर खायचे काय?

दोन्ही छावण्यांचे कपडे हा एकच परीट धुवी. लाल डगले इंग्रजांचे, पांढरे फ्रेंचांचे. दोन्हीकडे माणसे थोडीच आहेत, हे त्याला धुण्यावरूनच कळले होते.

एके सकाळी इंग्रजांचा दुभाष्या घाटावर आला. "काय रे परटा, पांढरे डगले किती धुतोस? साहेब तुला घोडा देईल."

"घोडा धुण्याचं ओझं वाहील का?"

"अरे, घोड्यावर बसायचं असतं!"

"मग कामाचा नाही. आणि एका घरचं धुणं मी दुसऱ्या घरी सांगत नाही."

दुपारी फ्रेंचांचा दुभाष्या आला. तो दरडावून म्हणाला, "लाल डगले किती ते सांग, नाहीतर तुझं गाढव नेतो."

"न्या. पण आकडे त्यालाही येत नाहीत."

दुभाष्या गाढव ओढू लागला. गाढवाने अशी लाथ झाडली की तो नदीत बसला, आणि ओल्या कपड्यांनिशीच परत गेला.

परटीण म्हणाली, "अहो, उद्या खरंच गाढव नेलं तर ओझं कोण वाहणार? मी?"

"मी आहे ना."

"मग काही फरक पडायचा नाही," ती म्हणाली आणि हसत कपडे पिळू लागली.

तिकडे इंग्रज साहेब विचारात पडला. 'घोडा नाकारतो! म्हणजे फ्रेंचांची फौज अफाट असणार. तिच्याच धाकाने हा गप्प आहे.'

फ्रेंच साहेबही विचारात पडला. 'गाढवावर पाणी सोडतो! म्हणजे इंग्रजांनी याला हत्ती कबूल केला असणार. एवढे श्रीमंत, तर तोफा किती असतील?'

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी दोन्ही छावण्या उठल्या. एक उत्तरेला गेली, एक दक्षिणेला. पळालो असे कोणी म्हणू नये म्हणून दोघांनीही नगारे वाजवले.

गावाने भात कापले. मळणी झाली. पाटील परटाला म्हणाला, "तुझ्यामुळे दाणा घरात आला. माग काय हवं ते."

"माझं बलुतं द्या."

पाटलाने पहिले माप त्याच्या पदरात घातले. गावाचे देणे फिटले.

तात्पर्य: विश्वासाने हाती आलेली गोष्ट लोभाने विकू नये, भीतीने सांगू नये.